लोक फॉर्म अर्धवट का सोडतात, हे शोधायचं कसं?

नोंदणीचा फॉर्म लोक मध्येच सोडतायत असं कळलं की टीममध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘बटणाचा रंग बदलूया.’ रंगाला हात लावण्याआधी प्रश्न लिहून काढा. ‘फॉर्म चालत नाही’ ही कुरकुर झाली. ‘मोबाइलवरून येणारे लोक ओटीपीच्या पानावर का अडकतात?’ हा प्रश्न. गळती कुठे होते ते लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम आपोआप ठेवते त्या नोंदींमध्ये, दिसतं; का होते ते दिसत नाही.

मग कागदावर फांद्या काढा: ओटीपी पोहोचतच नाही, पोहोचतो पण भरता येत नाही, भरला तरी सिस्टिम नाकारते, भरावासाच वाटत नाही. एक कारण दोन फांद्यांवर येऊ नये आणि कुठलं बाहेरही राहू नये. प्रत्येकीपुढे लिहा, ‘हे खरं असेल तर काय दिसेल?’ पहिली आणि तिसरी फांदी बहुतेक वेळा लॉग बघूनच निकालात निघते. उरलेल्या दोन माणसांशिवाय कळत नाहीत.

टीमबाहेरची पाच माणसं बोलवा. वापरसुलभतेचे अभ्यासक नील्सन आणि लँडॉवर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितात एकेक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणजे पाच जणांत साधारण ८५ टक्के. तुमच्या फॉर्मला हा आकडा तंतोतंत लागू पडेलच असं नाही. त्यामुळे एकदम दहा जणांपेक्षा पाच-पाचच्या दोन फेऱ्या बऱ्या, मधल्या वेळात दुरुस्ती.

फोन ज्याचा त्याचा. ‘खातं उघडा’ एवढंच सांगा, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं भयंकर जड जातं. एक बाई ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर पान नव्याने लोड झालेलं, भरलेलं सगळं पुसलेलं. ‘माझंच काहीतरी चुकलं,’ त्या म्हणाल्या. मी तोंड उघडणारच होतो. असं वाक्य जसंच्या तसं टिपून घ्या.

पाचांपैकी तिघं तिथेच अडकले, तर फांदी सापडली. भरलेली माहिती आपोआप जतन करा. ओटीपीच्या रकान्याला पानाच्या कोडमध्ये autocomplete="one-time-code" ही खूण द्या, म्हणजे बरेच फोन मेसेजमधला आकडा कीबोर्डवरच सुचवतात आणि पान सोडावंच लागत नाही. सहा वेगळ्या चौकटी दिसायला छान, पण कोड पेस्ट करताना अनेकदा घोळ घालतात. एकच रकाना ठेवा.

दुरुस्तीनंतर त्याच पायरीवरची गळती पुन्हा मोजा. तेवढीच असेल, तर चौथ्या फांदीकडे वळा: एवढ्यात फोन नंबर मागायची गरज होती का?