मासिक सगळ्यांचं, पान राजकारणाचं

पाककृती, गल्लीतल्या मुलांची बक्षिसं, गोदाकाठच्या जुन्या वाड्यांवरचा लेख, शब्दकोडं, वधू-वर. इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा वस्तीत १६ पानी मासिक काढणारे बहुतेक जण पहिल्याच बैठकीत ठरवतात, ‘आपल्याकडे राजकारण नको.’ हा ठराव फार तर तिसऱ्या अंकापर्यंत टिकतो. तिसऱ्या अंकात कुणीतरी पाण्याच्या दाबाबद्दल पत्र लिहितं, चौथ्यात माजी नगरसेवकाचा कार्यकर्ता त्याला उत्तर देतो आणि पाचव्यात दोन घरं वर्गणी थांबवतात. पाणी, रस्ते, झाडं, कांदा, कुंभमेळा एवढं सगळं वगळलं तर नाशिकात लिहायला थंडी आणि मिसळ उरते. मिसळीवरूनही इथे भांडणं होतातच.

तेव्हा राजकारण येणार हे धरूनच चाला. विरोधी मत छापलं म्हणून वाचक क्वचितच तुटतो. त्याचं पत्र ८० शब्दांवर कापलं आणि शेजारच्याचं ३०० शब्द जसंच्या तसं गेलं, की मात्र तुटतो. माप आधी ठरवा, छापा आणि मग कुणासाठीही बदलू नका.

नियम अर्ध्या पानात

पहिल्या अंकात आणि पुढे दर जानेवारीत आणि जूनमध्ये हे नियम छापावेत. पत्र १५० शब्दांपर्यंत. पत्र पोहोचण्याची शेवटची तारीख २०. पूर्ण नाव आणि वस्तीचं नाव छापणार. मोबाइल क्रमांक फक्त खात्रीसाठी, छापणार नाही. एका माणसाचं सलग तीन अंकांत एकच पत्र. निनावी पत्र नाही. लिहिणाऱ्याला त्रास होईल अशी खरोखरच भीती असेल तर ‘नाव संपादकांकडे’ असं लिहून छापता येतं, पण वर्षातून एखाद्या वेळी. सवय लागली की सगळेच ‘एक त्रस्त नागरिक’ होतात.

सार्वजनिक विषयांना १६ पैकी दीड पान द्या. हद्द आखली नाही तर निवडणुकीच्या आधी हा मजकूर पाच पानं खातो, आणि पाककृती पाठवणाऱ्या, मुलांची चित्रं पाठवणाऱ्या बायका दोन महिन्यांत गप्प होतात. त्या पुन्हा लिहित्या व्हायला वर्ष लागतं.

पत्र घ्यायचं की नाही हे तिघांनी ठरवावं. तिघांपैकी कुणी पक्षाचा पदाधिकारी नसावा आणि कुणाचा सख्खा नातेवाईक उमेदवार नसावा. दोनविरुद्ध एक झालं की विषय संपला. एक साधी वही ठेवा: आवक क्रमांक, तारीख, निर्णय, एका ओळीत कारण. ‘माझंच का गाळलं?’ म्हणून कुणी दारात उभं राहिलं की तोंडी समजूत घालत बसू नका, वही उघडून दाखवा.

पत्र हातात आल्यावर

आधी पेन्सिल घ्या. घडलेल्या गोष्टीखाली सरळ रेघ, मताखाली नागमोडी, आरोपाभोवती चौकट. समजा पत्र असं आहे: ‘आमच्या प्रभागाचे कारभारी टक्केवारीत मश्गूल असल्याने तीन महिने गटार तुंबले आहे, निगरगट्ट अधिकारी फिरकत नाहीत, जनता यांना धडा शिकवेल.’ सरळ रेघ फक्त ‘तीन महिने गटार तुंबले आहे’ एवढ्याच शब्दांखाली पडते. ‘टक्केवारी’भोवती चौकट येते, आणि चौकटीतल्या मजकुराला पुराव्याचा कागद लागतो. कागद नसेल तर तो शब्द जातो. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि लिहिणाऱ्यासोबत छापणारा, प्रसिद्ध करणाराही त्यात सापडू शकतो. ‘मत लेखकाचे आहे, संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही तळटीप ढाल म्हणून फारशी उपयोगाची नाही.

मग लेखकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: तक्रार कधी केली, कुठे केली, क्रमांक काय. छापायचं पत्र असं होतं: ‘आमच्या गल्लीतले गटार तीन महिन्यांपासून तुंबले आहे. विभागीय कार्यालयात दोनदा लेखी तक्रार केली, पोच सोबत जोडली आहे. कर्मचारी एकदा येऊन पाहून गेले, काम झाले नाही. पावसाळ्यापूर्वी ते व्हावे.’ राग गेला, धार राहिली. ही प्रत लेखकाला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका. त्याला पटलं नाही तर पत्र परत. आपल्या मनाने आणखी गुळगुळीत करत बसू नका.

मत मात्र कापू नये. ‘हा उड्डाणपूल चुकीच्या ठिकाणी बांधला’ हे मत आहे, ते राहू द्या. विशेषणं कापा, मागणी ठेवा. पक्षाचं नाव पक्षाने अधिकृतपणे घेतलेल्या भूमिकेबद्दलच यावं. एरवी पद लिहावं: नगरसेवक, आमदार, आयुक्त.

ज्याच्यावर टीका आहे त्याला पत्र छापण्याआधी पाठवा आणि तीन दिवस द्या. उत्तर आलं तर शेजारीच, त्याच १५० शब्दांत. नाही आलं तर ‘उत्तर मागितले, अंक छपाईला जाईपर्यंत आले नाही’ एवढीच ओळ. प्रत्युत्तराला प्रत्युत्तर छापायचं नाही. एका विषयावर एक फेरी.

काम नक्की कुणाचं?

अर्धी राजकीय पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेलेली असतात. दिवाबत्ती, गटार, कचरा, गल्लीतला रस्ता महापालिकेकडे. त्यासाठी मुख्यालय राजीव गांधी भवन असलं तरी आधी आपलं विभागीय कार्यालय गाठावं. विभाग सहा: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड आणि नवीन नाशिक. या शेवटच्याला सगळे सिडकोच म्हणतात, म्हणून तिथले लोक अजूनही गटारासाठी ती वस्ती उभारणाऱ्या सिडको महामंडळाला शिव्या घालतात. वीज गेली तर महावितरण. मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. धरणातून पाणी सोडतं जलसंपदा खातं. देवळाली कॅम्प कटक मंडळाच्या (कँटोन्मेंट बोर्डाच्या) हद्दीत येतो, तिथे नाशिक महापालिकेच्या नगरसेवकाला जाब विचारून उपयोग नाही. प्रभागात एकाहून जास्त नगरसेवक असतात, २०१७ साली बहुतेक प्रभागांत चार होते. ‘आमचे नगरसेवक’ म्हणजे चौघांपैकी कोण, हे विचारून घ्या.

कागद हवा असेल तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा. ‘भ्रष्टाचार झाला का?’ असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही. ‘अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयकाची तारीख’ असं मागा.

नाशिकचे ठरलेले भडके

पहिला भडका पाण्याचा. १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणसाठ्याचा हिशेब झाला की गंगापूर, दारणा धरणसमूहातून मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सोडायचं का, यावर पत्रांचा पाऊस पडतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधलं समन्यायी वाटपाचं कलम या वादाच्या मुळाशी आहे, ते एकदा चौकटीत समजावून द्या. पण निम्मं भांडण एककांचं असतं. कुणी टीएमसी लिहितो, कुणी दलघफू, कुणी क्युसेक. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, १ टीएमसी म्हणजे १,००० दलघफू. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग आहे, साठा नव्हे: १०,००० क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला तर ८६४ दलघफू पाणी जातं. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू. आलेल्या प्रत्येक पत्रातला आकडा दलघफूमध्ये बदलून छापा, अर्धे पत्रलेखक आपलंच पत्र परत मागतील. आणखी एक: वस्तीत नोकरीनिमित्त आलेली मराठवाड्यातली कुटुंबंही असतात. ‘आमचं पाणी पळवलं’ हा मथळा द्यायच्या आधी तो त्यांच्याही घरात वाचला जाणार आहे हे ध्यानात असू द्या.

दुसरा कांद्याचा. सोसायटीच्या एका मजल्यावर निफाड-चांदवडला शेती असलेलं घर, वरच्या मजल्यावर महिन्याचा किराणा मोजून भरणारं. इथे मथळ्यात ‘अन्याय’ नको आणि ‘दिलासा’ही नको, तारखा द्या. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. एवढं लिहून खाली शेतकऱ्याचं एक आणि ग्राहकाचं एक पत्र, सारख्या लांबीचं. भाव लिहिताना लासलगावचा क्विंटलचा भाव आणि भाजीबाजारातला किलोचा भाव यांची गल्लत नको. तारीख आणि जागा दोन्ही लिहा.

तिसरा झाडांचा. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, करताना झाडं तोडायची की नाही, या वादात पर्यावरण, श्रद्धा आणि पक्ष एकाच पत्रात येतात. तीनही एकदम छापू नका. लेखकाला विचारा, ‘तुमचं नेमकं म्हणणं काय: झाडं वाचवा, जागा बदला, की कारभार चुकला?’ एका पत्रात एकच म्हणणं. धर्मावरची टीका, जातीवरचे टोमणे आणि ‘ते लोक’ हे शब्द तिघांच्या बैठकीपर्यंतही जाऊ देऊ नयेत.

वाढदिवसाची जाहिरात

खरा धोका पत्रांत नसतो, शुभेच्छांच्या पानात असतो. निवडणूक वर्षभरावर आली की ‘भावी नगरसेवक’ यांचे वाढदिवस वाढतात. जाहिरात घ्या, पैसा लागतोच, पण दरपत्रक वर्षाच्या सुरुवातीला छापलेलं असावं आणि सगळ्यांना तोच दर. मुखपृष्ठ आणि शेवटचं पान राजकीय जाहिरातीला नाही. ‘भावी’, ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’ हे शब्द नाहीत. नाव, पद, फोटो, शुभेच्छा पुरे. वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक. जाहिरातदाराचा लेख किंवा मुलाखत त्याच अंकात नाही, आणि पैसे आगाऊ, पावतीसह. निकालानंतर पडलेला उमेदवार पैसे देत नाही आणि निवडून आलेला फोन उचलत नाही.

फुकट अंक छापून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. छपाईचा खर्च कुठून आला हे वर्षातून एकदा चार ओळींत छापा: वर्गणी इतकी, जाहिरात इतकी, खर्च इतका. ‘हे कुणाचं मासिक?’ हा प्रश्न त्यानंतर कमी ऐकू येतो.

छापखान्यातली एक फट ध्यानात ठेवा. मध्ये पिन मारलेल्या अंकाची पानं ४ च्या पटीत असतात. मजकूर अर्धं पान कमी पडला की अंक जाण्याच्या रात्री ते अर्धं पान कुणातरी दादांच्या फोटोने भरलं जातं. त्यासाठी शब्दकोडं, जुनी म्हण, घरगुती उपाय असा कधीही चालणारा मजकूर दोन-तीन तुकड्यांत जुळवून तयार ठेवा. आणि युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या श्रीलिपी फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं फुटतात. त्यात एखाद्या नेत्याचं आडनाव बिघडलं तर तो टंकदोष होता हे कुणालाही पटत नाही. नावं वेगळ्या कागदावर लिहून प्रुफाशी ताडून पाहा.

आचारसंहिता लागल्यावर

नियतकालिकात बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असेल तर नोंदणी लागते. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ लागू आहे आणि शीर्षकाचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर करायचा असतो. हे निवडणुकीच्या तोंडावर करायला जाऊ नका.

लोकसभा-विधानसभेला जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, लक्ष ठेवते. एकाच उमेदवाराची स्तुती, तीच वाक्यं दुसऱ्या अंकातही, खाली लेखकाचं नाव नाही, असा मजकूर तिथे पहिल्यांदा उचलला जातो. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीच्या छापील राजकीय जाहिरातीला या समितीचं पूर्वप्रमाणन लागतं. अंक त्या दोन दिवसांत वाटपाला येणार असेल तर राजकीय जाहिरात घेऊच नका. अंकाच्या घडीत घालून दिलेलं पत्रक ही वेगळी अडचण. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंक टाकणाऱ्या मुलाला बजावून ठेवा की अंकाच्या आत काहीही घालायचं नाही. महापालिकेच्या निवडणुकीत सूचना राज्य निवडणूक आयोगाच्या असतात, त्या त्या वेळी वेगळ्या वाचाव्यात.

उमेदवारांची ओळख द्यायची तर सर्वांना तेच चार प्रश्न, प्रत्येकी १०० शब्द, क्रम मतपत्रिकेवरचा. एकाने उत्तर दिलं नाही तर त्याच्या नावाखाली जागा कोरी ठेवा; ती दुसऱ्याला वाटून देऊ नका.

चूक झाली तर दुरुस्ती पुढच्याच अंकात, त्याच पानावर, त्याच टाइपात. आधीचा आरोप पुन्हा लिहायचा नाही. ‘गेल्या अंकात पान ६ वर रस्त्याचा खर्च चुकीचा छापला, योग्य आकडा असा’ एवढं पुरे, आणि वहीत त्या पत्राच्या नोंदीसमोर लाल शाईने दुरुस्तीची तारीख.