डिचोलीची लाल माती पोर्सिलेनमध्ये मिसळताना

लाल माती आणि पोर्सिलेन, म्हणजे पांढरी चिनी माती, एकत्र आणायचं असेल तर लगेच कप करायला बसू नका. आधी दोन्हींच्या मिश्रणाच्या चाचणीपट्ट्या भाजा. मी उलटं केलं होतं. पोर्सिलेनच्या सहा कपांना गोव्यातल्या डिचोलीच्या लाल मातीचे कान जोडले. चार कानांच्या सांध्यावर सुकतानाच केसाएवढी चीर गेली. उरलेले दोन कप तसेच भाजले, तर १२८० अंशांना कान ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटले. छिन्नीने खरवडून काढावे लागले.

दोन्ही मातींचा स्वभावच वेगळा. लाल माती लोहामुळे लवकर वितळते. पणती, घागर हजार अंशांच्या आतबाहेर भाजून होते. फार पुढे नेली की माती फुगते, मग वाहते. पोर्सिलेन म्हणजे ढोबळमानाने निम्मं काओलिन (शुद्ध पांढरी माती) आणि पाव-पाव फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) व क्वार्ट्झ (गारगोटी). त्याला पक्कं व्हायला १२८०च्या आसपास जावंच लागतं. शिवाय दोघी आकसतात वेगवेगळ्या, म्हणून सांधा तुटतो.

लाल माती आधी पूर्ण सुकवा, मग भिजवा. खडखडीत ढेकूळ पाण्यात बघता बघता विरतं, ओलसर असेल तर दिवसभर तसंच बसून राहतं. ८० नंबरच्या जाळीतून गाळा. आमच्या शेजारच्या कुंभारीण मावशी चिमूटभर माती जिभेवर ठेवतात. दातांत कचकच आली की म्हणतात, ‘बाय, परत गाळ.’ खाजनाजवळची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीजवळची माती मात्र घेऊ नका. तिच्यातलं मीठ सुकताना भांड्यावर पांढरं उमटतं.

गाळलेली माती परत सुकवून कुटा आणि कोरडीच तोला. ओल्या मातीत पाणी किती ते कळत नाही, मग प्रमाणाला अर्थ उरत नाही. कुटताना तोंडाला चांगला मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की कायमची. मी एकूण १०० ग्रॅममध्ये लाल माती २, ५, १० आणि २० ग्रॅम घेतली, बाकी पोर्सिलेन. पाणी घालून मळलं, १२ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ व मागे आकडा कोरला. भाजल्यावर ही रेघ मोजायची. माझ्या नुसत्या पोर्सिलेनची ८.७ भरली, म्हणजे १३ टक्के आकसलं.

पावसाळ्यात इथे घाई करू नका. जुलैत पट्टी आठवडाभर फळीवर असते, दिसायला पांढरीफटक, पण गालाला लावली की गार लागते. गार म्हणजे आत ओल आहे. ती तशीच तापवली तर आतल्या वाफेने फुटते. मी पहिली भाजणी रात्रभर ८०-९० अंशांवर धरून ठेवते आणि सकाळी वर नेते. नुसत्या लाल मातीची पट्टीही भाजणार असाल तर तिच्याखाली जुनी बशी ठेवा, वाहिली तरी शेल्फ वाचेल.

माझ्या इलेक्ट्रिक भट्टीत २ ग्रॅमची पट्टी सायीच्या रंगाची निघाली. दोन मिलिमीटरपर्यंत पातळ केलेल्या कडेमागे टॉर्च धरला, तर उजेड आरपार येत होता, किंचित पिवळसर. त्या रात्री मी दिवे मालवून तीच कड कितीतरी वेळ बघत बसले होते. ५ची पट्टी भाजलेल्या काजूगराच्या रंगाची, पण उजेड अडला. १०ची तपकिरी, जड दिसणारी. २०ची पट्टी दोन टोकांवर टेकवून ठेवली होती, ती मध्ये झोपाळ्यासारखी लोंबली. तिच्यापासून भांडं करू नये.

कान लाल हवेतच असं वाटत असेल, तर कपाच्याच पोर्सिलेनचा कान करा. चामड्याइतका घट्ट झाला की त्यावर लाल मातीचा पातळ घोळ ब्रशने फिरवा. एकच हात द्या, जाड थर सुटून येतो. १२८०ला तो थर वितळून चकचकीत तपकिरी होतो आणि जागेवर राहतो.

मला २ आणि ५ मधला तो उजेड पकडायचा आहे. ३ आणि ४ ग्रॅमच्या पट्ट्या आज फळीवर ठेवल्या आहेत, अजून गालाला गार लागतात.