बारबेक्यू हॅम-चीज स्लायडर, खालच्या बनचा लगदा न करता

आठ-दहा जण घरी जमणार असतील, मॅच बघायची असेल किंवा नुसत्याच गप्पा ठोकायच्या असतील, तर एकेकाला वेगळं सँडविच करून देत किचनमधे उभं राहण्यात काही अर्थ नाही, सगळे बाहेर हसतायत आणि आपण आत बटर लावतोय असं होतं. त्यापेक्षा स्लायडर बरे. एकमेकांना चिकटलेल्या छोट्या बनची अख्खी लादी मधून आडवी कापायची, आत माल भरायचा, वरून बटर फासायचं आणि ट्रे ओव्हनमधे ढकलून आपण पण बाहेर जाऊन बसायचं. अर्ध्या तासात बारा सँडविच एकदम तयार.

मी पहिल्यांदा केले तेव्हा वाटलं की नावातच बारबेक्यू आहे तर सॉस दणकून पाहिजे, म्हणून जवळजवळ अख्खा कप ओतला. वरून काय दिसत होते म्हणून सांगू, सोनेरी, चकचकीत, सगळे वास घेत ट्रेभोवती जमले. पहिला उचलला तर वरचा अर्धा हातात आणि खालचा ट्रेलाच चिकटून बसलेला, नुसता लगदा. लोक चांगले होते, चमच्याने खाल्ला बिचाऱ्यांनी, नावं पण नाही ठेवली, पण दुसऱ्यांदा कोणी हात पण नाही लावला. तेव्हापासून मी हा पदार्थ करताना एकाच गोष्टीच्या मागे असतो, ओलावा खालच्या बनपर्यंत पोचता कामा नये. बाकी हॅम (म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस) कुठला, चीज कुठलं हे आपापल्या आवडीचं.

आधी बनबद्दल. स्लायडर हा शब्द मूळ छोट्या बर्गरचा, अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटात १९२१ साली सुरू झालेल्या व्हाइट कॅसलच्या कांद्यावर वाफवलेल्या चौकोनी बर्गरशी तो जोडला गेलाय, आता मात्र दोन-तीन घासात संपणाऱ्या कुठल्याही सँडविचला सर्रास स्लायडर म्हणतात. हॅमच्या स्लायडरना लोक बहुतेक वेळा हवाईयन रोल वापरतात, ते किंचित गोड आणि मऊ असतात, पोर्तुगीज लोकांनी हवाईत नेलेल्या गोड ब्रेडचे वंशज. खारट हॅम आणि आंबटगोड सॉसबरोबर हा गोडवा छान जातो. ते नसतील तर कुठलेही मऊ डिनर रोल चालतात, फक्त सुटे नकोत, जोडलेले हवेत. आणि ताजे ताजे, अजून गरम असलेले बन अजिबात घेऊ नका, ते कापताना चेपतात आणि सॉस शोषून घेतात. एक दिवस शिळे असतील तर सोन्याहून पिवळं.

बारा बनसाठी मी जे घेतो ते असं: पातळ कापलेलं हॅम साधारण ३५० ग्रॅम, चीजच्या स्लाइस १२, बारबेक्यू सॉस ५ टेबलस्पून (हो, फक्त पाचच), बिनमिठाचं बटर ६० ग्रॅम, डिजॉन मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीचा मोहरीचा सॉस) १ टेबलस्पून, वूस्टरशर सॉस (पातळ, आंबट-खारट इंग्लिश सॉस) १ टीस्पून, लसणाची पावडर अर्धा टीस्पून आणि वरून भुरभुरायला खसखस किंवा तीळ. बटर मुद्दाम बिनमिठाचं, कारण हॅम खारट, चीज खारट, सॉस खारट, त्यात बटर पण खारट घेतलं की लोक स्लायडर कमी खातात आणि पाणी जास्त पितात. माणशी दोन धरा, जेवणच तेवढं असेल तर तीन.

हॅम घेताना जाड काप घेऊ नका. जाड काप दातात ओढला जातो, चावा घेतला की अख्खं हॅम बाहेर येतं आणि हातात नुसता बन उरतो. अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक काप घ्यायचे आणि ते सपाट न रचता हलकेच चुरगळून, घड्या घालून टाकायचे, म्हणजे मधे हवा राहते, चीज वितळून त्या घड्यांमधे उतरतं आणि घास पण मऊ लागतो. पाकिटातलं हॅम बऱ्याचदा ओलं असतं, बोटाला पाणी लागतं बघा, ते सगळं शेवटी खालच्या बनमधेच जाणार असतं. म्हणून काप पेपर टॉवेलवर पसरायचे, वरून दुसरा टॉवेल दाबायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि टॉवेल उचलून बघितलात की कळेल किती पाणी निघालं ते.

चीजमधे स्विस, प्रोव्होलोन, गूडा, मॉन्टेरे जॅक, कोवळं चेडर यातलं काहीही चालेल. खूप मुरवलेलं जुनं चेडर चवीला भारी असतं पण वितळताना त्याचं तेल सुटतं आणि बाकीचं दाणेदार होतं, म्हणून ते एकटं नको, स्विसबरोबर अर्धं अर्धं घ्या. किसून पाकिटात मिळणारं चीज शक्यतो टाळा, त्याचा कीस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च वगैरे लावलेलं असतं आणि ते हवं तसं ओघळत नाही. प्रोसेस्ड स्लाइसला लोक नाकं मुरडतात पण वितळण्यात तिचा हात कोणी धरत नाही, त्यात घातलेल्या क्षारांमुळे तेल आणि पाणी वेगळं होत नाही. मला स्वतःला खाली प्रोव्होलोन आणि वर चेडर आवडतं.

सॉस विकतचा घेणार असाल तर जाड घ्या. कॅन्सस सिटी पद्धतीचा, टोमॅटो आणि मोलॅसिसचा (म्हणजे काकवीसारखा उसाचा दाट पाक), गोडसर दाट सॉस इथे फिट बसतो, कॅरोलायनाकडचा व्हिनेगरचा पातळ सॉस चवीला कितीही झकास असला तरी बनमधे तो पाण्यासारखा मुरतो. घरी करायचा तर १ कप केचप, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप ब्राउन शुगर, १ टेबलस्पून वूस्टरशर, १ टीस्पून स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची सौम्य पूड), थोडी लसूण पावडर आणि मिरपूड, सगळं एका भांड्यात घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळायचं, मधे मधे ढवळायचं, साखर आहे त्यामुळे बुडाला लागतो. चमचा सॉसमधे बुडवून बाहेर काढा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली की झालं, पुन्हा भरून आली तर अजून पाच मिनिटं. पूर्ण गार करूनच वापरा. यातला थोडाच स्लायडरला लागेल, उरलेला वाटीत घालून शेजारी ठेवायचा, ज्यांना जास्त हवाय ते बुडवून खातील, सगळे खूष.

आता कापायचं. करवती सुरी घ्या, ब्रेडची असते ती. लादी वेगळी न करता अख्खीच पाटावर ठेवा, एक हात वरून सपाट ठेवा आणि दुसऱ्या हाताने सुरी आडवी, हळूहळू पुढे-मागे करत फिरवा, दाबायचं नाही, करवतीसारखं नुसतं ओढायचं. एका बाजूने घुसून थेट पलीकडे जायची घाई केली तर सुरी वर चढते किंवा खाली उतरते आणि मग एका कोपऱ्यात बनचं बूड पापुद्र्याएवढं राहतं, त्यामुळे आधी चारही बाजूंनी दोन इंच आत कापून घ्या आणि मग मधलं कापा. खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित जाड ठेवलात तर अजून चांगलं, सगळा भार तोच उचलणार असतो.

खालची लादी कापलेली बाजू वर करून ट्रेमधे ठेवा आणि ट्रे नुसताच ओव्हनमधे १८० अंश सेल्सियसला पाच मिनिटं टाका. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच गाडी घसरते. बनचा वरचा थर थोडा सुकतो, हलकासा कडक होतो आणि सॉस आत मुरायला वेळ लागतो. ट्रे १३ बाय ९ इंचाचा असेल तर बारा बन त्यात नेमके बसतात, फार मोठा ट्रे असेल तर बाजूचे बन लवकर कडक होतात.

रचायचा क्रम पण महत्त्वाचा आहे. सगळ्यात खाली सॉस नाही, चीज. सहा स्लाइस एकमेकींवर थोड्या चढवून पूर्ण लादी झाकायची, हे चीज वितळून बनवर एक थर तयार करतं आणि ओलावा अडवतं. त्यावर सगळं हॅम. हॅमवर सॉसचे थेंब टाकून चमच्याच्या पाठीने पसरायचे, कडेपासून अर्धा इंच आत ठेवायचं कारण बाहेर ओघळलेला सॉस ट्रेमधे जळतो, साखर असते ना त्यात. त्यावर उरलेलं चीज आणि वर बनची टोपी. म्हणजे सॉस दोन्ही बाजूंनी चीजमधे कोंडला गेला. कांदा घालायचा असेल तर कच्चा नको, तो ओव्हनमधे पाणी सोडतो, आधी तव्यावर बटरमधे तांबूस परतून घ्या. लोणच्यातली काकडी मला आत आवडते, पण तीही पुसून, आणि पातळ.

वरचं बटर: बटर वितळवून त्यात मस्टर्ड, वूस्टरशर, लसूण पावडर, वाटलंच तर एक चमचा ब्राउन शुगर, नीट फेटून ब्रशने लावा. सगळं एकदम ओतू नका, ते बनच्या मधल्या फटींतून सरळ खाली जातं आणि खालून तळल्यासारखं होतं. दोन तृतीयांश आता लावा, उरलेलं शेवटी. खसखस बटर ओलं असतानाच टाका नाहीतर चिकटत नाही आणि नंतर सगळीकडे सांडत बसते.

ट्रेवर फॉइल घाला पण बनला टेकू देऊ नका, मधे थोडी फुगवटी ठेवा. १८० अंशावर १५ मिनिटं झाकून, मग फॉइल काढून ५ ते ८ मिनिटं उघडं. झाकलेल्या वेळात चीज वितळतं, उघड्या वेळात वाफ निघून जाते आणि वरून रंग येतो. या शेवटच्या मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका, गोड बन चौथ्या मिनिटाला फिकट असतो आणि सातव्याला काळा, मी दोनदा फोन घ्यायला गेलो आणि दोनदा वरचा थर खरवडत बसलो. कडेने चीज बाहेर डोकावून बुडबुडे यायला लागले, बटर फटींमधे चुरचुरायला लागलं की काढा. उरलेलं बटर लगेच लावा आणि पाच मिनिटं हात लावू नका. चीज थोडं बसू दे, लगेच कापलं तर सगळं बाहेर पळतं. मग बनच्या जोडावरून सुरी सरळ खाली दाबायची, इथे ओढायचं नाही.

ओव्हन नसेल तर झाकणाच्या जाड बुडाच्या पॅनमधे होतं, पण थोडं वेगळं करावं लागतं. दोन्ही अर्ध्या भागांची कापलेली बाजू आधी तव्यावर शेकून घ्या, मग रचा आणि अगदी मंद आचेवर झाकून दहा मिनिटं ठेवा. वरून सोनेरी होणार नाहीत हे धरूनच चाला, चवीला काही कमी नसतात. कोळशाच्या ग्रिलवर करणार असाल तर निखारे एका बाजूला आणि ट्रे दुसऱ्या बाजूला, वर झाकण, खाली थेट आग नको. धुराचा जो वास लागतो तो ओव्हनला कधीच जमत नाही.

पाहुण्यांमधे पोर्क न खाणारे असले तर त्यांच्यासाठी वेगळा ट्रे करा, हॅमच्या जागी पातळ कापलेलं शिजवलेलं चिकन किंवा कोरडे होईपर्यंत परतलेले मशरूम, आणि सुरी-ब्रश पण वेगळे ठेवा, एकाच ब्रशने दोन्ही ट्रे रंगवू नका. शाकाहारी लोकांसाठी आणखी एक लक्षात ठेवा, पारंपरिक वूस्टरशर सॉसमधे अँचोव्ही म्हणजे मासे असतात आणि विकतच्या बारबेक्यू सॉसमधे पण तो असू शकतो, तेव्हा लेबल वाचा. कोणी गरोदर असेल तर तिचे स्लायडर आतून चांगले वाफाळते हवेत, थर्मामीटर असेल तर मधे ७४ अंश यायला पाहिजे.

आदल्या दिवशी तयारी करायची तर सॉस करून ठेवा, हॅम पुसून ठेवा, कांदा परतून ठेवा. रचून ठेवायचेच असतील तर फार तर दोन-तीन तास आधी, फ्रिजमधे, झाकून, आणि बटर मात्र ओव्हनमधे जायच्या वेळीच. रात्रभर रचून ठेवलेले मी एकदा केलेत, चालले, पण तो खालचा बन पुन्हा मऊ पडायला लागला होता. फ्रिजमधून थेट काढलेल्या ट्रेला झाकलेला वेळ पाच-सात मिनिटं वाढवा.

टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, गप्पांच्या नादात विसरतो आपण. उरलेच तर (आमच्याकडे उरत नाहीत, पण असो) डब्यात घालून फ्रिजमधे ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. परत गरम करताना मायक्रोवेव्हच्या मोहात पडू नका, बन चिवट होतो, फॉइलमधे गुंडाळून १६० अंशावर दहा मिनिटं आणि मग फॉइल उघडून दोन मिनिटं. खालची बाजू बोटाने टोचून बघा, कोरडी लागली पाहिजे.