रोअनोकच्या उच्च शिक्षण केंद्रात शिकायचंय? नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

व्हर्जिनियातल्या रोअनोकला येणाऱ्या मराठी घरांत बहुतेकदा एकाची नोकरी पक्की असते: कॅरिलियन क्लिनिकमध्ये, व्हर्जिनिया टेकच्या इथल्या संशोधन संस्थेत किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत. दुसऱ्याच्या हाती आश्रित व्हिसा असतो आणि भारतातली पदवी. हे लिखाण त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. वर्ष-सहा महिने नुसते घरी गेले की पुन्हा अभ्यासाला बसणं जड होत जातं, म्हणून सामान लावून होताच या कामाला हात घाला.

डाउनटाउनमध्ये नॉर्थ जेफरसन स्ट्रीटवर रोअनोक हायर एज्युकेशन सेंटर आहे. इमारत १९३१ची, नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या कचेरीची. १९८२मध्ये ही रेल्वे नॉरफोक सदर्नमध्ये गेली, मुख्यालय नॉरफोकला हललं, आणि २०००मध्ये या जागेत शिक्षण केंद्र सुरू झालं. रुळांमुळे डाउनटाउनचे दोन भाग पडतात. केंद्र आणि हॉटेल रोअनोक उत्तरेला, सिटी मार्केट दक्षिणेला. मध्ये रुळांवरून जाणारा पादचारी पूल आहे. पत्ता शोधताना दोन घोटाळे नेहमी होतात. रोअनोक कॉलेज ही वेगळी खासगी संस्था आहे आणि ती शेजारच्या सेलम शहरात आहे. व्हर्जिनिया वेस्टर्न कम्युनिटी कॉलेजचा मुख्य कॅम्पस कलोनियल अव्हेन्यूवर आहे. पाककलेचे वर्ग मात्र केंद्राजवळ हेन्री स्ट्रीटवर भरतात. प्रवेशपत्रावर कोणत्या जागेचं नाव आहे ते वाचूनच निघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे केंद्र स्वतः पदवी देत नाही. इथे छप्पर, वर्गखोल्या आणि ग्रंथालय केंद्राचं. अभ्यासक्रम, प्राध्यापक, फी आणि पदवी त्या त्या विद्यापीठाची. व्हर्जिनिया टेक, रॅडफर्ड, मेरी बाल्डविन, ओल्ड डोमिनियन, व्हर्जिनिया वेस्टर्न अशा संस्थांनी इथे वर्ग चालवले आहेत, पण यादी बदलत राहते. विद्यार्थी कमी झाले की विद्यापीठ एखादा अभ्यासक्रम इथून हलवतं किंवा पूर्ण ऑनलाइन करतं. म्हणून केंद्रात जाऊन फक्त “काय काय आहे?” असं विचारून परतू नका. सध्या कुठल्या विद्यापीठाचा कुठला कार्यक्रम चालू आहे ते तिथे समजून घ्या आणि पुढचे प्रश्न थेट विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. पूर्ण पदवी इथे बसून होते, की शेवटचे काही विषय मुख्य कॅम्पसवरच घ्यावे लागतात? किती विषय प्रत्यक्ष, किती ऑनलाइन? कार्यक्रम बंद झाला तर आधीच्या विद्यार्थ्यांना पूर्ण करू देणार का? पदवी देणारी संस्था एसएसीएसओसीकडून (दक्षिणेकडच्या राज्यांतल्या महाविद्यालयांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे का? नर्सिंग, समुपदेशन, शिक्षकी अशा पेशांत त्या अभ्यासक्रमाची वेगळी मान्यताही बघावी लागते. विद्यापीठाला मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका.

व्हिसा

एच-४वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा आणि मुलांचा आश्रित व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. अर्धवेळ शिका, पूर्णवेळ शिका, दोन्ही चालतं. एल-१ आणि जे-१वाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एल-२ आणि जे-२चंही तसंच. एच-१बीवर नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग घेता येतात, मात्र नोकरी नियमाप्रमाणे चालू राहिली पाहिजे. एफ-२वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, फक्त अर्धवेळ शिकता येतं.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेऊन अशा केंद्रात शिकण्याचा विचार असेल तर थांबून नीट तपासा. एफ-१ला पूर्णवेळ भार लागतो, पदवीसाठी सत्राला किमान १२ क्रेडिट. त्या भारात ऑनलाइनचा फक्त एक विषय, म्हणजे ३ क्रेडिट, मोजला जातो. केंद्रातले बरेचसे कार्यक्रम नोकरदारांसाठी आखलेले असतात, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी आणि उरलेलं ऑनलाइन. ते एफ-१च्या चौकटीत बसत नाहीत, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने होकार दिल्याशिवाय आय-२० (एफ-१साठी विद्यापीठ देतं तो दाखला) मिळणार नाही. शिवाय एच-४ असताना निव्वळ शिकण्यासाठी एफ-१ करण्याची गरजच नसते. एफ-१चा खरा फायदा शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यात आहे: १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी २४. तो हवा आहे की नाही, हे आधी ठरवा. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४वरही कामाचा परवाना मागता येतो, मग हिशेब वेगळा होतो.

कामाचा परवाना नसताना पगारी इंटर्नशिप आणि विद्यापीठातलं सहायकपद दोन्ही बंद. अभ्यासक्रमाचा भाग असलेलं बिनपगारी प्रत्यक्ष काम असेल तर विभागाकडून आणि वकिलाकडून लेखी खात्री करून घ्या. फाफ्सा या अर्जाद्वारे मिळणारी अमेरिकी केंद्र सरकारची शैक्षणिक आर्थिक मदत एच-४ला मिळत नाही. ग्रीन कार्ड झाल्यावर मिळते.

ज्यांची मुलं एच-४वर मोठी होत आहेत त्यांनी २१वा वाढदिवस आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावा. त्या दिवशी एच-४ संपतो, एफ-१ करावा लागतो, आणि त्याबरोबर ऑनलाइनची मर्यादा येते आणि निवासी फीचा, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीचा, हक्कही धोक्यात येतो.

निवासी फी

इथे सर्वांत जास्त पैसे वाचतात आणि सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. सरकारी विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांची फी आणि बाहेरच्यांची फी यांत दुपटीहून अधिक फरक पडू शकतो. व्हर्जिनियात एच-१बी, एच-४ आणि एल व्हिसाधारकांना आपला कायमचा मुक्काम व्हर्जिनियातच आहे (डोमिसाइल) हे सिद्ध करून निवासी फी मागता येते, त्याला ग्रीन कार्ड लागत नाही. एफ-१ आणि जे-१ला तशी येत नाही. अट अशी, की सत्र सुरू होण्याच्या पहिल्या दिवसाआधी सलग किमान एक वर्ष तुमचा निवास इथे असला पाहिजे, आणि तो केवळ शिक्षणासाठी नसावा.

नुसतं राहणं पुरत नाही, कागद लागतात. भाडेकरारावर नोकरी करणाऱ्याचंच नाव असतं, वीजबिलही त्याच्याच नावावर, गाडीही त्याचीच. आणि वर्षभराने फॉर्म भरताना एच-४वर आलेल्या जोडीदाराकडे आपल्या नावाचा एकही कागद नसतो. म्हणून पहिल्याच करारावर दोघांची नावं घाला. एखादं बिल दुसऱ्याच्या नावे घ्या. बँकखातं संयुक्त उघडा. व्हर्जिनियाचा वाहन परवाना लवकर काढा. रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत तो काढणं तसंही अपेक्षित आहे. गाडीच्या नोंदणीत दोघांची नावं घातली तर उत्तम. राज्याचं आयकर विवरणपत्र एकत्र भरा. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ फॉर्मवर आयटीआयएन (करासाठीचा क्रमांक) मागावा लागतो, आणि तो विवरणपत्रासोबतच पाठवायचा असतो. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरा, म्हणजे सगळ्या कागदांवर एकच पत्ता राहील.

ऑगस्टच्या शेवटी सुरू होणाऱ्या सत्रासाठी निवासाचं वर्ष मागच्या ऑगस्टमध्येच सुरू झालेलं असलं पाहिजे. दोन आठवडे कमी पडले तरी त्या सत्राला बाहेरचीच फी लागते आणि पुढच्या सत्रासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. सत्राच्या मध्येच दर बदलून मिळत नाही. अशा वेळी पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा आणि बाकीचे निवास सिद्ध झाल्यावर, हे उत्तम. व्हर्जिनियात शहर आणि काउंटी वेगळ्या असतात हेही लक्षात ठेवा. रोअनोक शहर आणि रोअनोक काउंटी यांचे कर वेगळे, नोंदी वेगळ्या. पत्रावर दोन्हींसाठी “रोअनोक”च लिहिलं जातं, त्यामुळे गाडीचा कर कुणाकडे भरायचा हे पत्ता टाकून पाहून घ्या.

भारतातली कागदपत्रं

भारतातून येण्याआधी हे वाचत असाल तर नशीबवान आहात. ट्रान्सक्रिप्टचं (विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) काम तिथे असतानाच उरकून घ्या. आल्यावर करायचं तर कुणाला तरी कॉलेजात, मग विद्यापीठात, मग पुन्हा कॉलेजात खेपा घालायला लावाव्या लागतात. कुठलंही अमेरिकी विद्यापीठ साधारणपणे डब्ल्यूईएस किंवा तशाच मूल्यांकन संस्थेचा विषयवार अहवाल मागतं. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट त्या संस्थेकडे जावं लागतं. तुमच्या हातून गेलेलं पाकीट बाद होतं. पाकिटावर तुमचा संदर्भ क्रमांक लिहिलेला नसेल तर ते आठवडे-आठवडे पडून राहतं. संलग्न कॉलेजात शिकला असाल तर कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट चालेल की विद्यापीठाचंच लागेल, हे मूल्यांकन संस्थेच्या यादीत बघा. क्रेडिट वळती करून घ्यायची असतील तर त्या-त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रमही साक्षांकित करून आणा. विषयाचं नाव जुळलं तरी आतला मजकूर दाखवल्याशिवाय विभाग क्रेडिट देत नाहीत.

तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असेल तर पदव्युत्तर प्रवेशाआधी तो विभाग ती पदवी चार वर्षांच्या बरोबरीची मानतो का, ते विचारा. मूल्यांकन अहवालाने “समतुल्य” म्हटलं तरी अंतिम शब्द विभागाचा असतो.

आता नावाचा प्रश्न, आणि तो मराठी घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, हमखास येतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याचं. इथल्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. अर्जात “पूर्वीचं नाव” असा रकाना असतो, त्यात गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. सोबत विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला जोडा. मराठी असेल तर प्रमाणित भाषांतर. राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पानही. आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच वाहन परवाना, बँक, विद्यापीठ, कर सगळीकडे ठेवा. एका ठिकाणी मधलं नाव घातलं आणि दुसरीकडे गाळलं, की निवासाच्या पुराव्यालाही अडथळा येतो.

कुठून सुरुवात करावी

बारावी किंवा अर्धवट पदवी असेल, किंवा क्षेत्रच बदलायचं असेल, तर व्हर्जिनिया वेस्टर्नपासून सुरुवात करणं बहुतेकांना परवडतं. दोन वर्षांची पदवी करून पुढे राज्यातल्या विद्यापीठात जाता येतं. अनेकांशी हमीप्रवेशाचे करार आहेत. पण हमी ठराविक पदवीला, ठराविक सरासरी गुणांना आणि ठराविक विषयांना असते. ज्या विद्यापीठात जायचं त्याचा करार पहिल्याच सत्रात उघडा आणि विषय त्याप्रमाणे घ्या, नाहीतर ६० क्रेडिट होऊनही पुढे दहा-बारा मोजली जात नाहीत. रोजगाराचं छोटं प्रमाणपत्र हवं असेल तर कम्युनिटी कॉलेजांच्या फास्टफॉरवर्ड योजनेत पात्र रहिवाशाला खर्चाचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. तुमच्या व्हिसावर पात्रता आहे का, हे नाव घालण्याआधी विचारा.

परवाना लागणारा पेशा असेल तर आणखी एक गोष्ट. व्हर्जिनियाच्या व्यावसायिक मंडळांना अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा डीएमव्हीने (राज्याचा वाहन विभाग) दिलेला नियंत्रण क्रमांक लागतो. एच-४वर कामाचा परवाना नसेल तर पहिला मिळत नाही, पण दुसरा मिळतो, आणि तो वेळेवर मागून ठेवला तर पदवीनंतर महिने वाया जात नाहीत.

येणं-जाणं आणि अभ्यासाचा भार

३ क्रेडिटचा संध्याकाळचा विषय आठवड्यातून एकदा, पावणेतीन तासांच्या आसपास असतो. घरचा अभ्यास त्याच्या दुप्पट धरा. लहान मूल असेल तर पहिल्या सत्रात दोनच विषय घ्या. आठ आठवड्यांचा ऑनलाइन विषय हलका वाटतो, पण सोळा आठवड्यांचं सगळं काम अर्ध्या वेळेत करावं लागतं.

व्हॅली मेट्रोच्या बसवर अवलंबून असाल तर परतीचा विचार आधी करा. बस रात्री लवकर थांबतात, रविवारी सेवेची खात्री धरू नका. नऊ वाजता सुटणाऱ्या वर्गानंतर बस मिळेल असं गृहीत धरलं तर अडकाल. नोंदणीआधी त्या सत्राचं वेळापत्रक आणि वर्गाची वेळ शेजारी ठेवून बघा. ब्लॅक्सबर्गच्या मुख्य कॅम्पसवर विषय घ्यायचा झाला तर स्मार्ट वे बस क्रिश्चन्सबर्गमार्गे जाते, अंतर सुमारे ४० मैल. हिवाळ्यात आय-८१ महामार्गावर बर्फ पडला की हा प्रवास अर्ध्या दिवसाचा होतो, म्हणून वसंत सत्रात तिकडचा वर्ग शक्यतो दुपारचा घ्या.

वर्ग झेपत नाही असं वाटलं तर उशीर करू नका. कम्युनिटी कॉलेजात सत्राच्या पहिल्या १५ टक्के काळात विषय सोडला तर फी परत मिळते, सोळा आठवड्यांच्या सत्रात हे साधारण अडीच आठवडे होतात. त्यानंतर ६० टक्क्यांपर्यंत सोडला तर पैसे जातात, पण गुणपत्रिकेवर नापासाऐवजी फक्त “डब्ल्यू” (विषय सोडल्याची खूण) येतो. या दोन्ही तारखा सत्राच्या कॅलेंडरवर छापलेल्या असतात. नोंदणी केल्या दिवशीच त्या फोनमध्ये घालून ठेवा.