अडचणीत सापडलेल्या नेत्याच्या प्रचाराला मिळणारा प्रतिसाद कसा जोखावा

पक्ष फुटलेला आहे, कालचे सहकारी समोरच्या व्यासपीठावर जाऊन बसले आहेत, मागे चौकशीचा ससेमिरा लागला आहे किंवा पक्षाचे चिन्हच हातातून गेले आहे, आणि तरीही नेता गावोगाव सभा घेत फिरतो आहे, हे दृश्य महाराष्ट्राने गेल्या काही निवडणुकांत पुष्कळदा पाहिले. अशा नेत्याच्या सभेला गर्दी लोटते, लोक हळहळतात, मोबाईलवर भाषणे फिरू लागतात आणि वारे फिरल्याची चर्चा पारापारावर सुरू होते. हे वारे खरोखर मतपेटीपर्यंत पोहोचणार आहे की सभेच्या मैदानातच विरणार आहे, याचा अंदाज बांधू पाहणाऱ्या नव्या वार्ताहरांसाठी, कार्यकर्त्यांसाठी आणि जिज्ञासू मतदारांसाठी हे टिपण लिहिले आहे. नेत्याविषयीची भावना आणि उमेदवाराला पडणारे मत यांच्यामध्ये एक वाट असते आणि तपासायची असते ती ही वाट, हे त्यातले मुख्य सूत्र आहे. उदाहरणे बहुतांशी साताऱ्याची घेतली आहेत, कारण एकाच नेत्याच्या प्रचाराला या जिल्ह्याने पाच वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली.

आधी अडचण कसली आहे ते लिहून काढावे

कामाला लागण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा: हा नेता अडचणीत का आहे, आणि मतदाराच्या मते त्यात दोष कोणाचा? कारभाराचा कंटाळा येऊन लोक दुरावलेले असतील, तर नेत्याने कितीही पायपीट केली तरी ती उशिराची ठरते. जवळच्या माणसांनी साथ सोडल्यामुळे तो एकाकी पडला असेल, तर लोकांच्या रागाला दुसरे लक्ष्य मिळते आणि नेत्याची अडचणच त्याचे भांडवल बनते.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शरद पवारांची अडचण या दुसऱ्या प्रकारची होती. लोकसभेत राष्ट्रवादी काँग्रेसला राज्यात अवघ्या ४ जागा मिळाल्या होत्या आणि मावळमध्ये त्यांचे नातू पार्थ पवार पराभूत झाले होते. त्यानंतर गणेश नाईक, वैभव पिचड, शिवेंद्रसिंहराजे भोसले, राणाजगजितसिंह पाटील असे एकेक जण भाजपमध्ये गेले, आणि सप्टेंबरमध्ये साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनीही राजीनामा देऊन तोच रस्ता धरला. त्याच महिन्यात राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाच्या गुन्ह्यात पवारांचे नाव आले, तेव्हा त्यांनी बोलावण्याची वाट न पाहता आपण स्वतःच २७ सप्टेंबरला कार्यालयात जाणार असल्याचे जाहीर केले. पोलिसांच्या विनंतीवरून ते प्रत्यक्षात गेले नाहीत, पण प्रतिसादाचा पहिला बदल त्या दोन-तीन दिवसांतच जाणवू लागला होता. पावसाची सभा त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. म्हणून सर्वांत गाजलेल्या क्षणापासून मोजणी सुरू करू नये. त्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस चाळावेत.

एक सभा आणि तिचे दोन निकाल

१८ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी साताऱ्याच्या जिल्हा परिषद मैदानावर ७८ वर्षांचे पवार भर पावसात बोलत राहिले, हे सर्वांना आठवते. त्या भाषणातला कामाचा भाग मात्र अनेकांच्या स्मरणातून गेला आहे. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ती आपण मान्य करतो आणि ती दुरुस्त करण्याची संधी २१ तारखेला आहे, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले होते. लोकांना वाटणाऱ्या हळहळीला त्यांनी एक तारीख, एक उमेदवार आणि एक काम नेमून दिले. प्रचार संपायला एकच दिवस उरला होता, त्यामुळे ती भावना निवळायलाही वेळ मिळाला नाही.

लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजेंचा सुमारे ८७ हजार मतांनी पराभव केला. हेच उदयनराजे पाच महिन्यांपूर्वी घड्याळाच्या चिन्हावर सुमारे सव्वा लाखाच्या मताधिक्याने निवडून आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे उलथापालथ किती मोठी होती ते कळते. परंतु अभ्यासकाने येथे थांबू नये. त्याच दिवशी त्याच मतदारांनी दुसऱ्या यंत्रावर विधानसभेचेही मत दिले होते, आणि तेथे पक्ष सोडून गेलेले शिवेंद्रसिंहराजे साताऱ्यातून भाजपच्या चिन्हावर निवडून आले, तर पवारांचे निष्ठावंत शशिकांत शिंदे कोरेगावात शिवसेनेच्या महेश शिंदे यांच्याकडून पराभूत झाले. पाऊस सर्वांवर सारखाच पडला होता. खासदारकीला एक आणि आमदारकीला दुसरे, असा विचार करणारा मतदार गोंधळलेला नसतो. तो दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. म्हणून नेत्याला मिळणारा प्रतिसाद जिल्हाभर सरसकट न लावता मतदारसंघागणिक आणि निवडणुकीगणिक वेगळा नोंदवावा.

सभेत काय पाहावे

गर्दी मोजण्याचा नाद सोडलेला बरा. किती खुर्च्या होत्या आणि किती भरल्या यावरून आयोजकांची ऐपत कळते, मतदारांचा कल कळत नाही. त्याऐवजी सभेच्या तासभर आधी वाहनतळावर जाऊन उभे राहावे. एकाच तालुक्यातून एकाच ठेकेदाराच्या गाड्या आलेल्या आहेत की लोक दुचाकींवरून दोघे-तिघे करून आलेले आहेत, हे तेथे दिसते. वृद्ध नेत्याच्या सभेला त्याच्याच पिढीचे लोक आले असतील तर ती कृतज्ञता आहे. तिशीच्या आतली मुले स्वखर्चाने आली असतील तर काही वेगळे शिजते आहे असे समजावे.

मुख्य भाषण सुरू झाल्यावर नजर व्यासपीठावरून काढून मैदानाच्या कडेला न्यावी, कारण कडेला उभे असणारे लोक केव्हाही निघून जाऊ शकतात आणि त्यांचे थांबणे हेच खरे थांबणे असते. टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या ते शब्दशः टिपावे. विरोधकाच्या नकलेला टाळ्या आणि उमेदवाराच्या नावाला शांतता, असे घडत असेल तर सभा रंगली, पण प्रचार झाला नाही. सभा संपल्यावर व्यासपीठाकडे धावणाऱ्यांपेक्षा बाहेर चहाच्या गाडीवर थांबलेल्यांचे बोलणे अधिक मोलाचे असते, आणि तेथे वही खिशातच ठेवावी.

लोकांशी बोलताना

‘मत कोणाला देणार?’ हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारणे असभ्यही आहे आणि निरुपयोगीही. गावात सोसायटी, दूध संघ आणि साखर कारखाना यांच्या दोऱ्या प्रत्येक घराला बांधलेल्या असतात; उसाला तोड मिळायची असते, कर्जाचे नवे-जुने करायचे असते, तेव्हा चारचौघांत कोणी मन मोकळे करत नाही. ‘बघू की, अजून वेळ आहे’ हे उत्तर त्या भागात बहुधा नकाराचे सौम्य रूप असते, आणि ते कोणाला ऐकवले जात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

त्याऐवजी आडून विचारावे: मतदानाच्या दिवशी गावात कोणाकोणाचे टेबल लागणार, मागच्या वेळी लीड कोणाला होते, या वेळी ते टिकेल का, भावकीत दोन तट पडले आहेत का. दुसऱ्याविषयी बोलताना माणूस स्वतःविषयी खरे बोलून जातो. क्रियापदेही जपून ऐकावीत. ‘साहेबांचे वाईट वाटते’ असे म्हणणारा बहुधा तेवढ्यावरच थांबतो. ‘याला आता दाखवून द्यायचे’ असे म्हणणारा मतदानाच्या दिवशी सकाळी रांगेत असतो. दुबळ्या झालेल्या नेत्याविषयीच्या दयेपेक्षा त्याला सोडून गेलेल्याविषयीचा राग हे अधिक भरवशाचे लक्षण आहे, असे माझे निरीक्षण आहे.

स्त्रियांशी बोलल्याशिवाय हे काम पुरे होत नाही, आणि पारावर त्या भेटत नाहीत. आठवडी बाजार, एसटी स्थानक, सरकारी दवाखान्याची रांग, बचत गटाची बैठक अशा ठिकाणी जावे आणि शक्यतो एखादी स्त्री सहकारी सोबत घ्यावी. गावातल्या चार कारभाऱ्यांशी बोलून ‘गावाचा कल’ लिहिणारे २०२४ मध्ये तोंडघशी पडले, त्याचे एक कारण हेच होते.

भावनेला बटण सापडते का?

२०१९ च्याच लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या सभा विलक्षण गाजल्या. पडद्यावर ध्वनिचित्रफिती दाखवून सरकारच्या दाव्यांची चिरफाड करण्याची त्यांची पद्धत आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य घराघरांत पोहोचले. परंतु महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्या निवडणुकीत एकही उमेदवार उभा केला नव्हता. सभेतून भारावून बाहेर पडलेल्या माणसाला दाबण्यासाठी इंजिनाचे बटणच यंत्रावर नव्हते. भाजप-शिवसेना युतीने ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. पुढे विधानसभेला पक्षाने उमेदवार दिले, पण २००९ मध्ये १३ आमदार निवडून आणणाऱ्या या पक्षाला २०१९ मध्ये एकच जागा मिळाली. त्या प्रचारातली त्यांची पुण्यातली पहिली सभा पावसाने रद्द झाली होती, ही त्या ऑक्टोबरमधली एक विसरलेली नोंद.

चिन्हाचा प्रश्न याहून बारीक आहे. पक्षफुटीनंतर शरद पवारांच्या गटाला फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले आणि साताऱ्यात ७ मे रोजी मतदान झाले. अडीच महिन्यांत ते चिन्ह घरोघरी पोहोचवायचे होते. त्या निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराला पिपाणीसारखे दिसणारे वाद्य मिळाले, ज्याचे मराठी नाव ‘तुतारी’ असेच होते, आणि साताऱ्यात त्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे हे उदयनराजेंकडून सुमारे ३३ हजार मतांनी हरले. ती सगळी मते चुकून तिकडे गेली असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु प्रतिसाद जोखणाऱ्याने गावागावांत वयस्कर मतदारांना ‘चिन्ह कसे आहे हो, काका?’ एवढे विचारले असते तरी धोका दिसला असता. नव्या चिन्हाची ही चाचणी मी सर्वांत आधी करावी असे सुचवीन. तिला पाच मिनिटे लागतात.

याला जोडूनच मतदान केंद्राबाहेरची व्यवस्था पाहावी. नेते गेले की त्यांच्यामागे सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि मतदार चिठ्ठ्या वाटणारी मुलेही जातात. प्रचार संपायच्या आदल्या दिवशी दहा गावांत फिरून चिठ्ठ्या पोहोचल्या का आणि केंद्रप्रतिनिधी ठरला का, एवढे विचारावे. ज्या गावात दोन्ही उत्तरे नकारार्थी येतात, तेथील सभेची गर्दी वहीतून खोडून टाकावी.

मोबाईलवरच्या चित्रफितींबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ती किती जणांनी पाहिली हा आकडा मतदारसंघ ओळखत नाही. दुबईतला आणि दादरमधला प्रेक्षक त्यात सारखाच मोजला जातो.

सहानुभूतीची मुदत

एकदा नोंदवलेला प्रतिसाद टिकून राहील असे धरू नये. २०२४ च्या लोकसभेत पक्ष आणि चिन्ह गमावलेल्या दोन्ही नेत्यांना महाराष्ट्राने उचलून धरले: पवारांच्या पक्षाने १० पैकी ८ जागा जिंकल्या आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला ९ मिळाल्या. साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा ठाकरे यांच्याकडे २० आणि पवारांकडे १० आमदार उरले. मधल्या काळात महिना १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली होती आणि मतदानाचे प्रमाण २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. फुटीचा राग लोकसभेत व्यक्त करून झाला होता. आता मतदार दुसऱ्या गोष्टीचा हिशेब करत होता. वणीला हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर आपली बॅग तपासली गेल्याची ठाकरे यांची चित्रफीत राज्यभर फिरली, पण निकालावर तिचा ठसा शोधूनही सापडत नाही. त्याच प्रचारात इचलकरंजीला पवार पुन्हा पावसात बोलले, पावसातल्या सभेनंतर निकाल चांगला लागतो असेही म्हणाले, आणि तेथे भाजपचे राहुल आवाडे निवडून आले.

निकालानंतरचे काम

अनेक जण निकालाच्या दिवशी वही मिटतात, आणि तेथेच शिकण्याची संधी जाते. पहिली खबरदारी आकड्यांची. २०१४ च्या ४१ जागांवरून राष्ट्रवादी २०१९ मध्ये ५४ वर गेली, म्हणून तिची मते वाढली असे सर्रास लिहिले गेले. प्रत्यक्षात तिचे राज्यातील मतांचे प्रमाण १७.२४ टक्क्यांवरून १६.७१ टक्क्यांवर आले होते. त्याचा अर्थ पाठिंबा घटला असाही लावता येत नाही, कारण २०१४ मध्ये स्वबळावर २७८ जागा लढवणाऱ्या पक्षाने २०१९ मध्ये आघाडीत १२१ जागाच लढवल्या होत्या. जागा, मतांचे प्रमाण आणि लढवलेल्या जागा हे तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय ‘लाट’ हा शब्द लिहू नये.

दुसरे काम अधिक चिकाटीचे आहे. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता, ज्याला नमुना २० म्हणतात, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर उपलब्ध होतो. आपण ज्या गावांत बोललो त्यांची केंद्रे त्यात शोधावीत, शेजारी मागच्या निवडणुकीचे आकडे लिहावेत आणि तिसऱ्या रकान्यात मतदानापूर्वी आपण बांधलेला अंदाज उतरवावा. हा अंदाज मतदानाच्या आधी तारखेसह लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर निकालानंतर प्रत्येकाला सगळे आधीच कळलेले असते. ज्या गावांत अंदाज चुकला तेथे महिनाभरात पुन्हा जावे. निवडणूक सरली की लोक मोकळेपणाने बोलतात, आणि आपल्याला ‘बघू की’ म्हणणारे काका त्या वेळी कोणाच्या टेबलावर बसले होते, हेही तेव्हाच कळते.