मार्चमध्ये गाडीने वाळवंटाकडे निघताय? या चुका टाळा

“आपल्याला उन्हाचं काय नवल?” असं म्हणत संभाजीनगर, जालना, परभणीकडून लोक कच्छ-जैसलमेरला निघतात, आणि चुका इथूनच सुरू होतात. आपल्याकडे ऊन मी म्हणत असलं तरी रस्त्याला लिंबाची सावली, वस्ती, टपरी भेटत राहते. थरच्या वाळवंटात आणि कच्छच्या रणात ते गृहीत धरू नका.

आधी तारखा. दहावी-बारावीचे पेपर, मग धाकट्यांच्या परीक्षा, असं करत एप्रिल संपत येतो. तोवर जैसलमेरला पारा चाळिशी ओलांडतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हाच काळ धरा. पहाटे स्वेटरही लागेल. फलोदीजवळ खीचनला कांड्या करकोचे पाहायचे असतील तर फेब्रुवारीच बरा.

धुळे-सुरतमार्गे अहमदाबादच सहाशे किलोमीटरच्या पुढे जातं, तिथून जैसलमेर आणखी पाचशेवर. चार दिवसांची सुटी असेल तर नुसतं कच्छचं लहान रण करा: दसाड्याला किंवा झैनाबादला मुक्काम, पहाटे घुडखर म्हणजे रानगाढवं. रात्री गाडी चालवू नका, रस्त्यावर गुरं, नीलगायी, उंट येतात. गुजरातेत दारूबंदी आहे, डिकीत बाटली ठेवू नका.

सगळ्यात महागात पडते ती आपली गाडी रणात घालण्याची हौस. वरून जमीन कोरडी, टणक दिसते, खाली मात्र ओला गाळ असतो. जायकवाडीच्या कालव्याखालची चोपण रानं पाहिलेल्यांना हा वरचा पापुद्रा किती फसवा असतो ते सांगायला नको. तिथल्या जीपवाल्यालाच घ्या. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरही हेच.

तरीही गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक आणखी खाली जातं. सगळे उतरा, चाकांपुढची माती हाताने ओढा, इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांच्याखाली पायातल्या मॅट सरकवा. वाळूत असाल तर टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि हलक्या पायाने गाडी काढा. डांबरीवर येताच हवा भरा, नाहीतर टायर तापून फुटेल. म्हणून हवेचा छोटा पंप सोबत हवाच.

इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हिटर चालू, गाडी कडेला. गरम रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका.

कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. माणशी रोज चार-पाच लिटर पाणी, शिवाय २० लिटरचा भरलेला जार गाडीत ठेवा. धपाटे-चटणी जरूर न्या, पण ओआरएसही न्या. मूल सुस्तावलं, लघवी गडद पिवळी झाली, तर पुढे जाण्याची घाई सोडून सावलीत थांबा.

जैसलमेर-बाडमेरमधल्या ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये फोटोसाठी वाट सोडून गाडी घालणारे पाहिले की जीव तुटतो. इथला माळढोक पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. आपल्या शेजारच्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून अभयारण्य असूनही तो आता क्वचितच दिसतो. ठरलेल्या वाटेवरच राहा, दुर्बीण वापरा. पार्कमधल्या सुदासरी भागाच्या परवानगीची चौकशी जैसलमेरच्या वनखात्यात आधीच करा. सीमेलगतच्या काही भागांसाठी वेगळी परवानगी लागते, तेव्हा प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बरोबर असू द्या.