जागा तीच, सोनार (SONAR) तोच, मग चित्र वेगळं का? (नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव)

पुण्यात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) करून मी सोनार इमेजिंगमध्ये, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढण्याच्या कामात आलोय म्हटलं की ज्युनियर मुलं पहिलं विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं हो, समुद्राचा तळ वाचायला शिकणं अवघड आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

माझं पहिलं खरं काम म्हणजे कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी मे महिन्यात आणि नंतर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या साइडस्कॅन (बोटीच्या दोन्ही बाजूंचा तळ टिपणारा सोनार) डेटाची तुलना करायची. १०० किलोहर्ट्झची फ्रिक्वेन्सी दोन्ही वेळा तीच, पण चित्रं शेजारी ठेवली तर ओळखच पटेना. मेमध्ये जिथे उजळ वाळू होती तिथे ऑक्टोबरमध्ये सगळं गडद सपाट. मी तीन आठवडे गेन (सिग्नल किती वाढवला ते), टोफिशची (बोटीमागे केबलने ओढलेल्या सोनारची) उंची, केबलची लांबी हेच तपासत बसलो, कारण डोक्यात पक्कं होतं की तळ काय चार-पाच महिन्यांत बदलणार थोडाच. शेवटी आमच्या सीनियर मॅडमनी ग्रॅब सॅम्पलची (तळावरून उचललेल्या गाळाच्या नमुन्यांची) वही समोर ठेवली: मेमध्ये वाळू, ऑक्टोबरमध्ये त्याच वाळूवर चिखलाचा थर, म्हणजे पावसात नदीने आणून टाकलेला गाळ.

पण एवढ्याने कोडं सुटलं नाही. अर्ध्या भागात तर ऑक्टोबरमध्येसुद्धा वाळूच होती, तरी तिच्यावरच्या रिपल्सचे (लाटांनी उठवलेल्या बारीक सऱ्यांचे) पट्टे चित्रातून गेले होते. सासवडकडे जाताना नांगरलेलं शेत संध्याकाळी बघा, तिरकं ऊन सऱ्यांवर आडवं पडलं तर एकेक सरी मोजता येते, आणि ऊन सऱ्यांच्या दिशेनेच आलं तर सगळं रान सपाट दिसतं. सोनारचंही तसंच. ऑक्टोबरमध्ये लाटांमुळे बोट वेगळ्या हेडिंगने (दिशेने) चालवली होती आणि पावसाळी लाटांनी रिपल्सची दिशाही फिरवली असणार, यात कुणाचा वाटा किती ते त्या डेटावरून वेगळं काढताच येत नाही. म्हणून रिपीट सर्व्हेला लाइन (बोटीचा मार्ग) तीच, हेडिंग तेच, उंची तीच, हे हट्टाने मागून घ्या, बोटीवरचे लोक कंटाळले तरी.

पुढे सिंथेटिक अॅपर्चर सोनारमध्ये (चालता चालता घेतलेले अनेक प्रतिध्वनी जोडून बारीक चित्र काढणारा) गेलात, दोन फेऱ्यांची फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) जुळवून बदल शोधायला लागलात की प्रकरण अजून नाजूक होतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १०० किलोहर्ट्झला वेव्हलेंग्थ १५ मिलीमीटर. तळाचे कण सोनारच्या दिशेने पावणेचार मिलीमीटर सरकले तरी जाऊन-येऊन साडेसात मिलीमीटरचा फरक, अर्धी वेव्हलेंग्थ, फेज उलटीच झाली! सगळे कण एकदम सरकले तर ठीक, पण प्रत्येक कण आपापला हलतो तेव्हा कोहेरन्स (दोन फेऱ्यांचे प्रतिध्वनी एकमेकांशी किती जुळतात ते) पडतो, आणि फ्रिक्वेन्सी जास्त तितका लवकर पडतो. त्याला वादळ लागत नाही. ओहोटीला किनाऱ्यावर खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पाहिलीय ना, पाण्याखालीही खेकडे, कृमी, चरणारे मासे तळ असाच उकरत असतात, रात्रंदिवस. साध्या चित्रात तळ जसाच्या तसा दिसेल आणि कोहेरन्स मॅपवर मात्र काळा डाग येईल, तो डाग दिसला की लगेच "इथे काहीतरी नवीन वस्तू पडलीय" असं रिपोर्टमध्ये लिहू नका, मी एकदा लिहिलं होतं आणि रिपोर्ट परत घ्यावा लागला.

शिकायचं म्हणाल तर सिग्नल प्रोसेसिंग आणि पायथन हवंच, पण जिऑलॉजीच्या मुलांशी मैत्री करा, गाळाचे कण बोटांत चोळून बघायला शिका. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, किनारे, बंदरं आणि गाळावर काम करणारी माणसं आपल्याच शहरात आहेत, कुठे व्याख्यान असलं तर सोडू नका.

आम्ही येत्या मेमध्ये परत त्याच खाडीवर जातोय. या वेळी तीच लाइन तासाभराने, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने अशी पुन्हा घेणार, दरवेळी ग्रॅब सॅम्पलसकट, म्हणजे तिथला तळ किती वेळ "तोच" राहतो ते मोजता येईल.